न्झुरी म्हटलं की घाबरायचं

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चार जण चहाला बसले, की एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं आणि ढीग वाढत जातो. फरक इतकाच, की बाकीच्यांचे किस्से ऐकून लोक हसतात आणि माझे सांगताना मला आजही घाम फुटतो!

जळगावात ठिबक सिंचन शिकवणाऱ्या एका सेंटरवर मी परदेशी पाहुण्यांची व्यवस्था बघते. स्वभावाने भित्री. पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारी. त्या उन्हाळ्यात टांझानियाहून जुमा आला आणि भूतानहून पेमा. दोघांनाही कामापुरतं इंग्रजी येत होतं. तरी साहेब म्हणाले, "मॅडम, त्याची भाषा स्वाहिली, तिची झोंगखा. थोडी थोडी शिकून घ्या, पाहुण्यांना बरं वाटतं. आणि आले तसे धडधाकट परत गेले पाहिजेत!"

भाषांची भीती एकवेळ ठीक. पण मे महिन्यातल्या जळगावातून माणूस धडधाकट परत पाठवायचा? मी त्याच दिवशी दवाखान्याचा नंबर भिंतीवर लावला.

* * *

मोबाइलवर दोन्ही भाषा उघडल्या. झोंगखाची अक्षरं आपल्यासारखीच वरच्या रेघेला टांगलेली. म्हटलं, चला, ही घरचीच! मग उच्चार ऐकले. लिहिलेल्यातली निम्मी अक्षरं बोलताना गायब!

स्वाहिली इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, म्हणून तिला आधी टरकले होते. तर तिथे दुकानाला दुका, गाडीला गारी आणि चहाला चक्क चाय. म्हणजे एक भाषा दिसायला नात्यातली आणि ऐकायला परकी, दुसरी नेमकी उलटी.

"मग सोपी कुठली?" साहेबांनी विचारलं.

"सर, दोन्हींची सारखीच धडकी भरते!"

* * *

मेसवर आमचे नाना. मूळचे दोंडाईच्याचे, केस पिकलेले, आवाज खणखणीत. जुमा रोज सकाळी त्यांच्यापुढे वाकून म्हणायचा, "शिकामू!" त्यांच्याकडे मोठ्यांना असंच म्हणायचं असतं. नानाही खुशीत मान हलवायचे.

एक दिवस मी सांगितलं, "नाना, त्याचा अर्थ, मी तुमचे पाय धरतो."

नानांच्या हातातला झारा खाली पडला. "हाऊ पाव्हणा मन्हा पाया पडस? माले पाप लागी ना!"

दुसऱ्या दिवसापासून जुमा मेसमध्ये शिरला, की नाना कोठीघरात! त्याचा नाश्ता मीच वाढायला लागले.

* * *

एकदा जुमा पंपाच्या खोलीतून माझ्याकडे आला. मी ऐटीत विचारलं, "हबारी?" म्हणजे काय खबर?

"न्झुरी!" म्हणजे छान.

मी मान खाली घालून कामाला लागले. तो तिथेच उभा. मग शांतपणे म्हणाला, "छान. पण पंपाच्या खोलीत साप आहे."

सर्पमित्र आले, धामण निघाली. मी जुमाला विचारलं, "अरे, साप असताना 'छान' कसं म्हणतोस?"

"आमच्याकडे पहिलं उत्तर तेच," जुमा म्हणाला. "एकदम वाईट सांगितलं तर ऐकणारा घाबरतो. घाबरलेला माणूस काय कामाचा?"

हे सगळं मी टेबलावर उभी राहून ऐकत होते!

* * *

पेमाची तऱ्हा वेगळी. काहीही पुढे करा, ती तोंडावर हात धरून म्हणायची, "मेशु, मेशु!" नको, नको. मी आपली ग्लास परत न्यायची.

मग तिनेच एकदा हसत सांगितलं, "आमच्याकडे लगेच 'हो' म्हणणं बरं दिसत नाही. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं."

मी हादरले. म्हणजे एवढ्या उन्हात ही मुलगी माझ्यामुळे तहानलेली फिरत होती!

नाना मात्र खूश. "मॅडम, हाई ते वरपक्षनी दिखस!" म्हणाले आणि आग्रह करकरून वाढायला लागले.

थोडक्यात काय, एक आधी 'छान' म्हणणार, दुसरी आधी 'नको' म्हणणार. खरं काय ते नंतरच्या वाक्यात. आणि माझा जीव पहिल्या वाक्यालाच जातो!

* * *

आता शेवटचा. त्या दुपारी सगळे केळीच्या बागेत नळ्या अंथरत होते. पेमा धावत ऑफिसात आली. मी पाणी पुढे केलं. तोंडावर हात गेला नाही. "गाडी हवी," ती म्हणाली. "आत्ता."

जी मुलगी पाणीसुद्धा मागत नाही, ती गाडी मागतेय! मी ड्रायव्हरला हाका मारत धावले.

जुमा बांधावर आडवा पडला होता, घामाने निथळत. दवाखान्यात नेलं. वॉर्डात गर्दी, डॉक्टर एकटे. सलाईन लावून त्यांनी इंग्रजीत विचारलं, कसं वाटतंय? जुमा अर्धवट शुद्धीत, त्याच्या भाषेत पुटपुटला, "न्झुरी."

"काय म्हणतोय?"

"छान आहे म्हणतोय," मी सांगितलं.

"मग झालं. ऊन लागलंय. सलाईन संपली की घेऊन जा." ते वळले.

मी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. त्या दिवशी डॉक्टरांची बाहीच धरली. "थांबा! त्याचं बोलणं अजून संपलेलं नाही!"

अख्खा वॉर्ड बघत होता. डॉक्टर चिडले, पण थांबले. जुमाने ओठ ओले केले. "पण," तो आता इंग्रजीत म्हणाला, "छातीवर कोणीतरी बसलंय."

पुढची धावपळ मला नीट आठवत नाही. पेमाने माझा हात घट्ट धरला होता, एवढं आठवतं. जुमा वाचला.

त्याला आयसीयूत हलवलं होतं, म्हणून संध्याकाळी मागे राहिलेली त्याची बॅग घ्यायला मी वॉर्डात गेले. शेजारच्या खाटेवर खेड्यातले एक आबा होते. तेच डॉक्टर राउंडला आले.

"काय आबा, कसं काय?"

"बरं शे."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे निघाले. थबकले. मागे आले, स्टूल ओढून बसले.

"आणि?"

आबांनी उशाशी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पहिले याले भायेर धाडा."