हाडांपाशी अनवाणी

डिंगोऱ्याहून निघतानाच मी सासूबाईंना बजावलं होतं, पायातल्या चपला कुठेही काढायच्या नाहीत. देवळातसुद्धा नाही. साखरेमुळे त्यांच्या तळपायांना काही जाणवत नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला, तो एका साध्या फोडापायी. हे सगळं त्यांना माहीत आहे, पण ऐकतील तर शपथ!

कच्छच्या वाळवंटाकडे नवं उद्यान झालंय, तिथे डायनासोरची हाडं बघायला मिळतात, म्हणून आम्ही गावकऱ्यांनी आळेफाट्याहून सहलीची बस काढली होती. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे सगळ्यांत जास्त हौस मलाच. भर दुपारी खडकात रुतलेलं, औताच्या जुवाएवढं मांडीचं हाड बघत मी भान हरपून उभी राहिले. वळून बघते तर सासूबाई नाहीत.

हाका मारल्या. बसमध्ये बघितलं, पाण्याच्या टाकीपाशी बघितलं. शेवटी त्या पार पलीकडच्या छपराखाली सापडल्या. तिथे फार जुन्या काळच्या माणसांची वस्ती उकरून दाखवली आहे, आणि एका खड्ड्यात कुशीवर निजवलेला बाईचा सांगाडा. त्याच्यापुढे या हात जोडून उभ्या. अनवाणी.

"चपला कुठायत, आत्या?"

"तिकडं गेटापाशी काढल्या. मानसाची हाडं हाईत गं ती. चपला घालून कसं जायाचं?"

म्हणजे गेटापासून इथवर त्या तापलेल्या फरशीवरून चालत आल्या होत्या. मला बुटांतूनही चटका बसत होता. आमच्याकडे खळ्यात किंवा समाधीपाशी कुणी चपला घालून जात नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या क्षणी असा संताप आला की विचारू नका.

"बसा खाली!" मी ओरडले. बसमधली माणसं गोळा झाली.

तळवे वर करून बघितले, तर लालभडक. डाव्या टाचेवर भलामोठा फोड टरारला होता.

"लई वरडू नको," त्या म्हणाल्या. "मला कुठं काय दुखतंय?"

दुखत नव्हतं, हीच तर खरी भीती होती.

ड्रायव्हरने बस जवळच्या गावातल्या दवाखान्याकडे पिटाळली. त्यांचे पाय मांडीवर घेऊन, ओल्या ओढणीत गुंडाळून मी वाटभर त्यांच्याशी भांडत होते. भांडता भांडता रडत होते. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बहीण आठवली असेल, असं मला वाटलं, आणि मी भांडण सोडून ओढणी पुन्हा भिजवली.

डॉक्टरांनी फोड नीट बघितला. मग सुईसारखं काहीतरी घेऊन अंगठ्याला टोचलं.

"माँजी, दर्द होता है?"

करंगळीला टोचलं. तळव्याला टोचलं. "यहाँ? यहाँ होता है?"

मालिका बघून बघून सासूबाईंना हिंदी चांगलं कळतं. पण त्यांनी डॉक्टरांकडे बघितलंच नाही. माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं,

"पोरी, व्हय म्हनू का?"