कावीळ उतरवणारा

प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘वैद्य’ म्हणत. औषधाच्या गोळीशी त्याचा संबंध डोकेदुखीपुरता. त्याचं काम मोबाइलच्या कॅमेऱ्यातल्या चिपला रंग शिकवण्याचं. पिवळ्या बल्बखाली फोटो काढला की धडधाकट माणूसही काविळीने आजारी दिसतो, ही कंपनीची जुनी डोकेदुखी. त्यावर तोडगा यानेच काढला. चिपने आधी चेहरा शोधायचा, त्यावर दिसणारा पिवळेपणा हा उजेडाचाच दोष आहे असं धरून चालायचं, आणि तो पुसून टाकायचा. पहिल्यांदा हे जमलं, तेव्हा शेजारच्या टेबलावर सोल्डरिंग करणारी बाई ओरडली, “अगं बाई, हा तर कावीळ उतरवतो!” नाव पडलं ते पडलंच.

माणूस सरळ, पण रंगाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणार नाही. दिवसभर राखाडी भिंतींच्या, बिनखिडक्यांच्या खोलीत बसायचा. समोर एक रबरी मुंडकं. त्याला तो ‘मामा’ म्हणे. मामाच्या तोंडावर निरनिराळे दिवे पाडायचे आणि पडद्यावर बघायचं. “मामा, आज तब्येत सुधारली हं तुमची,” असं त्याचं आपलं चाललेलं असे.

नवा मोबाइल बाजारात आला, तेव्हा त्याने पहिला आईला पाठवला. आई दुसऱ्या गावी, वहिनीजवळ. थोरला भाऊ ट्रकवर, सदा बाहेर. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा पडद्यावर यायचा, गुलाबीसर, नितळ. याला दुहेरी समाधान वाटे. आई बरी आहे आणि चिपही बरी आहे.

एकदा वहिनीने मोबाइल हातात घेतला.

“भाऊजी, आई पिवळ्या दिसतात हो हल्ली.”

“स्वयंपाकघरातला बल्ब बदला, वहिनी.”

“उन्हात बसवून बघितलं मी. डोळेसुद्धा पिवळे आहेत. अंगाला खाज सुटते म्हणतात.”

“आई, जरा जवळ ये बघू. डोळे मोठे कर.”

आईने डोळे मोठे केले. पडद्यावर स्वच्छ पांढरे.

“कुठे काय आहे? वहिनी, रंग बघणं हा माझा धंदा आहे. दवाखान्यात नेऊन बसवलं की घरातलं काम टळतं, असं तर नाही ना?”

तो हसत म्हणाला, पण लागायचं तिथे ते लागलं. वहिनीने मोबाइल आईच्या हातात दिला. आई मात्र खुलली. “ऐकलंस? माझं लेकरू रंगातला जाणकार आहे. तो म्हणतो मी ठणठणीत आहे. मला नाही जायचं कुठे सुया टोचून घ्यायला.”

त्यानंतर वहिनी दवाखान्याचं नाव काढायची आणि सासूबाई मोबाइलकडे बोट दाखवायच्या. पुढे आईचं जेवण तुटलं, तेही वयावर ढकललं गेलं.

आई न्हाणीघराच्या दारात कोसळली, तेव्हा वहिनीने त्याला विचारलं नाही. शेजाऱ्याच्या गाडीतून नेलं आणि मग कळवलं.

तो पोहोचला तेव्हा वॉर्डात दिवसाचा पांढरा उजेड होता. खाटेवर आई होती. चेहरा, मान, तळहात, नखांखालची कातडी, सगळं हळदीत बुडवून काढल्यासारखं. त्याने खिशातून स्वतःचा, त्याच चिपचा मोबाइल काढला आणि तिच्यावर धरला. पडद्यावर गुलाबी आई हसत होती. पडदा बाजूला केला, की पिवळी.

“फोटो काढतोस होय रे?” आई म्हणाली. “केस तरी नीट करू दे.”

डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या नळीवर गाठ आहे, पसरली आहे. सुरुवातीला आणलं असतं तर काढता आली असती. “इतकी कावीळ घरात कुणाच्याच लक्षात आली नाही?”

वहिनी खाली बघत राहिली. तिने ‘माझ्या आली होती’ असं म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. त्या न म्हणण्याखाली तो जन्माचा दबला.

आई गेली. तेव्हाच साहेबांचा फोन आला, “वैद्यबुवा, कधी येताय? मामा वाट बघतोय.” त्यांना काही माहीत नव्हतं. याने “कळवतो” म्हणून फोन ठेवला.

भिंतीवर लावायला वहिनीने शेवटच्या महिन्यातला, व्हिडिओ कॉल चालू असताना आईच्या मोबाइलवर टिपलेला फोटो निवडला, कारण त्यात आई त्याच्याकडे बघत हसत होती. भेटायला येणारे एकेक जण त्यासमोर थांबत.

“किती टवटवीत होत्या हो!” पलीकडची शिक्षिका म्हणाली. “आजारी होत्या असं कुणी म्हणेल का?”

“पिवळी झाली होती,” तो म्हणाला. “वहिनींना दिसत होतं. त्या सांगत होत्या. मीच नाही म्हणालो.”

शिक्षिकेने पदर सावरला आणि ती दाराकडे वळली.

सगळे गेल्यावर वहिनी फोटोसमोर येऊन उभी राहिली.

“भाऊजी, यात त्या होत्या तशा दिसतील असं करता येईल? तुम्हाला येतं ना ते?”

“नाही, वहिनी.”

“का?”

“ती चिप पिवळा रंग बाजूला काढून ठेवत नाही. टाकून देते. मीच तसं करायला सांगितलं होतं.”

वहिनीने मान हलवली आणि फोटोच्या काचेवरची धूळ पदराने पुसली. काचेआड आई गुलाबी हसत होती.