काहूनकाकू

आमच्या शेजारच्या काकूंना अमरावतीतली आमची अख्खी गल्ली काहूनकाकू म्हणायची. तोंडावर नव्हे, अर्थात. कुठे निघालात ते सांगा, काय विकत घेतलं ते सांगा, पोरांना कोणत्या क्लासला घातलं ते सांगा, काकू मान तिरकी करून विचारणार, "काहून?" बरं, त्यात खवचटपणा अजिबात नसे. त्यांना खरंच कारण हवं असायचं, आणि नेमकं तेच आपल्याजवळ नसायचं. मग आपल्या अंगाचा तिळपापड.

समोरच्या घरी साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा, तिथे त्यांनी नवरदेवालाच गाठलं. "काहून करून राहिला बापा लगन?" मुलाची आई लालबुंद. तो बिचारा जरा विचारात पडला आणि म्हणाला, "इच्याशी बोललो का मले कशाची घाई राह्यत नाही." काकूंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "झालं तं मंग!" म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा बुंदी वाढून घेतली.

स्वतःलाही त्या सोडत नसत. संध्याकाळी पुढच्या खोलीत, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली चटई टाकून, मोबाइल पालथा घालून बसत. मी एकदा विचारलं, हे काय चाललंय? "दिवसभर कुठं कुठं धावली, आन् काहून, थे पाहून राहिली. अर्ध्याचं तं कारणच सापडत नाही वं!" आणि खो खो हसल्या.

मला हसायलाही फुरसत नव्हती. सकाळी कॉलेजात शिकवायचं, मग घरच्या शिकवण्या, जेवण उभ्या उभ्या. माझ्याशी बोलायचं असलं की मुलगी आधी खुणेनं विचारी, फोन चालू आहे का? त्यात एका क्लासवाल्यांनी अकोल्याची नवी शाखा माझ्या हाती द्यायचं ठरवलं. दर शनिवार-रविवार अकोला. जो तो म्हणे, असा चान्स सोडू नको. एका रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा होता, आणि मी हो म्हणणार होते.

त्या रविवारी गच्चीवर गल्लीतल्या बायका सरगुंडे करत होत्या. काडीला कणकेची वळी गुंडाळायची, काडी ओढून घ्यायची, उन्हात वाळवायचं. माझ्यासमोर परातभर कणीक. काकू खुर्चीवर, पसाभर कणीक घेऊन. मी अकोल्याचं सांगितलं.

"काहून?"

"चांगला चान्स आहे नं काकू."

"कोणं म्हणलं?"

"सगळेच म्हणतात."

"मंग सगळेच जातील का शनवारी अकोल्याले?"

मी भडकले. "काकू, पुरे झालं बरं तुमचं!"

"नाही बोलत, माय." हातातली काडी ओढून घेतली. मग माझ्या परातीकडे बोट. "हे एवढे कोणासाठी?"

"घरी..." म्हणता म्हणता मी थांबले. मागच्या उन्हाळ्याचा डबा माळ्यावर तसाच भरलेला होता. आमच्याकडे सरगुंडे कोणी खातच नाही. सासूबाई करायच्या, म्हणून त्यांच्यामागे मीही दरवर्षी डबाभर करत आले होते.

"मी तं एवढेच करून राहिली," काकू म्हणाल्या. "मले रसासंगं आवडतात म्हून."

तेवढ्यात फोन वाजला. कणकेच्या हातांनीच घेतला आणि म्हणाले, "मला नाही जमणार." पलीकडून विचारलं, "कारण?" मी म्हटलं, "शोधलं हो, सापडलं नाही." त्यांना मी वेडी वाटले असणार. मला वाटलं होतं रडू येईल, पण आली ती सपाटून भूक. खाली येऊन मुलीबरोबर बसून जेवले आणि संध्याकाळपर्यंत झोपले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर काकू परतवाड्याला बहिणीकडे कायमच्या गेल्या. सामान गाडीत चढत होतं. मला राहवेना. "काकू, काहून?"

"तिथं भांडाले माणूस हाय, माय." मी रडले, त्या हसल्या, गाडी निघाली.

यंदा गच्चीवर मी पसाभरच कणीक घेऊन गेले. शेजारीण म्हणाली, "एवढेसेच? कोणासाठी वं?"

"परतवाड्याला पाठवायचे आहेत," मी म्हटलं. "काकूंना रसासोबत आवडतात म्हणून."