बंगळूरच्या व्हरांड्यात सालुंखे सर

बंगळूर स्टेशनवर उतरल्या उतरल्या सालुंखे सरांनी एका हमालाला, एका चहावाल्याला आणि डब्यातून बॅगा ओढत उतरणाऱ्या एका अनोळखी कुटुंबाला ‘रांगेत चला!’ असं दरडावून सांगितलं. त्यातल्या कुणालाही मराठी येत नव्हतं. तरीही सगळे रांगेत आले.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी आहे. सालुंखे सर आमच्याकडचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे. निवृत्तीला पाच महिने राहिलेले. मुलांना मारायला बंदी आल्यावर सरांनी छडी सोडली, पण आवाज सोडला नाही. त्यांनी ‘कोण आहे रे तिकडे!’ म्हटलं की रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या शाळेतली मुलंही जागेवर जाऊन बसतात.

आम्हाला पाठवलं होतं ते एक कार्यक्रम बघायला. बंगळूरचं एक विभागीय शिक्षण कार्यालय आपल्या भागातल्या सरकारी शाळांमध्ये ‘सकारात्मक वर्तन’ रुजवतंय, असं आमच्या साहेबांच्या कानावर आलं होतं. मुलांना धाक घालून गप्प करायचं नाही, चांगलं कसं वागायचं ते गणितासारखं शिकवायचं, आणि मूल तसं वागलं की त्याला तसं सांगायचं. आमचा अहवाल अनुकूल आला, तर हे आमच्या तालुक्यातही सुरू होणार होतं. प्रतिकूल आला, तर विषय संपला. आणि मुख्याध्यापकांमध्ये शब्द चालतो तो सरांचा, माझा नाही.

येताना गाडीत सरांनी मला अहवाल दाखवला. तो त्यांनी निघायच्या आधीच लिहून ठेवला होता. फक्त तारखेची जागा कोरी होती.

“सर, अजून आपण पोचलोही नाही!” मी म्हणाले.

“मॅडम, पोचल्यावर गडबड होते,” सर म्हणाले. “काम वेळेत झालेलं बरं.”

स्टेशनबाहेरच्या एका उपाहारगृहात आम्ही तट्टे इडली (ताटलीएवढी मोठी, चपटी इडली) घेतली. तिथे सगळे उभ्यानंच खात होते. सरांनी खुर्ची कुठे आहे ते हातवाऱ्यांनी विचारलं. काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला, “स्वल्प अड्जस्ट माडी, सार” (थोडं सांभाळून घ्या). सरांनी नापसंतीनं मान हलवली आणि उभ्यानं तीन इडल्या खाल्ल्या.

कार्यालय एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. तिथे आम्हाला भेटल्या सरोजाक्का. पन्नाशीच्या, केसांत मोगऱ्याचा गजरा, खांद्याला कापडी पिशवी. शाळांमध्ये हा कार्यक्रम पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेलं, घरात अजून मराठी बोलतात. ती मराठी मात्र आपली आपणच वाढलेली.

“बन्नी, बन्नी, या! अण्णा, तुम्ही इथं बसा. ऊटा (जेवण) आम्ही शाळेतच करू, सरी?”

सरांनी डायरी उघडली. “हा कार्यक्रम सुरू करायचं परिपत्रक कोणत्या क्रमांकाचं?”

“परिपत्रक नाही काढलं, अण्णा.”

“मग शाळांना कळलं कसं?”

“एक शाळेत सुरू केलं. त्या शाळेची टीचर शेजारच्या शाळेत दोन आठवडे जाऊन दाखवली. मग त्या शाळेची टीचर तिसऱ्या शाळेत. तसं तसं पसरतंय.”

“आणि ती दोन आठवडे बाहेर असताना तिचा वर्ग कोण घेतं?”

“मी घेते,” सरोजाक्का म्हणाल्या. “आमच्या ऑफिसचे सगळे घेतात. साहेब पण गेल्या महिन्यात दुसरीचा वर्ग घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप आला.”

सरांनी डायरीत काहीही लिहिलं नाही. मी मात्र लिहिलं. कार्यालय म्हणजे शाळेकडून माहिती मागवणारं ठिकाण, अशीच माझी समजूत होती. शाळेला माणूस पुरवणारं कार्यालय मी पहिल्यांदा बघत होते.

शाळा एचएसआर लेआउट नावाच्या वसाहतीच्या पाठीमागे होती. एका बाजूला काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला गॅरेज, मधे ही पिवळी बैठी शाळा. दारातल्या भिंतीवर कानडीत तीन मोठे शब्द रंगवले होते. सरोजाक्कांनी वाचून दाखवले, “गौरव, जवाब्दारी, सुरक्षते.”

“ही तर मराठीच आहे!” सर म्हणाले. सकाळपासून त्यांना आवडलेली ही पहिली गोष्ट.

पण ते आवडणं व्हरांड्यापर्यंतच टिकलं. पलीकडच्या टोकाला दोन मुलं गप्पा मारत उभी होती. सरांचा हात आपोआप कमरेवर गेला आणि ‘कोण आहे रे तिकडे!’ अशी गर्जना करून ते व्हरांड्याच्या मधोमध निघाले. खांबावरची कबुतरं उडाली.

चौथीच्या वर्गातून एक मुलगी बाहेर आली. दोन घट्ट वेण्या, दंडाला हिरवी फीत. तिनं सरांसमोर तळहात धरला. “ताता (आजोबा), निधान.”

“काय म्हणते ही?”

“हळू, म्हणते,” सरोजाक्का म्हणाल्या. “आज व्हरांड्याची जवाबदारी तिची. इथे कुणी चुकलं तर रागवायचं नाही. बरोबर कसं ते करून दाखवायचं, आणि त्याला परत करायला लावायचं. तुम्ही दारापासून परत या, अण्णा.”

“मी? मी पाहुणा आहे!”

“पाहुण्यांना पण तेच.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा तक्ता फार लक्षपूर्वक वाचू लागले. तो कानडीत होता.

मुलीनं आधी स्वतः चालून दाखवलं: डाव्या बाजूनं, पिवळ्या पट्टीवरून, आवाज न करता. मग सर चालले. निम्म्यात आल्यावर त्यांनी वर्गात डोकावून “किती पट आहे?” असं मोठ्यांदा विचारलं. मुलगी शांतपणे म्हणाली, “इन्नोंद्सल” (आणखी एकदा). तिसऱ्या फेरीत सर असे चालले, जणू कुणाचं तान्हं बाळ शेजारी झोपलंय. मुलीनं खिशातून एक चिठ्ठी काढली, काहीतरी लिहिलं आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली.

सरोजाक्कांनी वाचली. “ताता तिसऱ्या वेळी छान चालले.”

सरांनी ती नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. थोड्या वेळानं हळूच मला म्हणाले, “मॅडम, माझ्या गोपनीय अहवालात एवढं चांगलं वाक्य आजवर कुणी लिहिलं नाही.”

नंतर आम्ही तिसरीच्या वर्गात मागे बसलो. बाई तरुण होत्या. वर्ग चांगला चालला होता आणि अचानक एका मुलीनं शेजारणीच्या वहीचं पान टर्रकन फाडलं. बाई ओरडल्या. कानडी होतं, तरी अर्थ समजायला काही अडचण आली नाही. ती मुलगी मान खाली घालून बसली. वर्ग चिडीचूप. सर माझ्याकडे झुकून पुटपुटले, “बघा. शेवटी हेच लागतं.”

बाई खिडकीशी गेल्या, एक मोठा श्वास घेऊन परत आल्या आणि त्या मुलीच्या बाकाशी खाली बसल्या. मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागल्या. सरोजाक्का आमच्या कानाशी सांगत होत्या, “बाई म्हणते, मी ओरडले. आधी विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं. मी परत करते.”

आणि बाईंनी परत केलं. काय झालं, हे विचारलं. हिनं शेजारणीच्या वहीत आपल्या आईचं चित्र काढलं होतं, आणि शेजारणीनं त्याला मिशा काढल्या होत्या. मग दोघींनी मिळून फाटलेलं पान चिकटवलं. मिशा तशाच राहिल्या.

जेवणाची सुट्टी झाली. बिसीबेळे भात (डाळ-भाज्या घालून शिजवलेला मसालेदार भात) घ्यायला सर मुलांच्या रांगेत सर्वांत शेवटी उभे राहिले.

दुपारी सरांना मारतहळ्ळीला जायचं होतं. त्यांचा मुलगा अमोल तिथे राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. “तुम्हीपण चला,” ते मला म्हणाले, आणि ते आमंत्रण नसून विनंती आहे हे मला ऑटोत कळलं. रिंग रोडवर ऑटो एका जागी अर्धा तास उभी राहिली. सर पुढच्या बसकडे बघत बोलायला लागले.

“नात आहे मला. मिहिका. सहा वर्षांची. दिवाळीला घरी आली होती. माझ्या पेन्शनच्या फॉर्मवर फुलपाखरांची स्टिकरं लावली तिनं. मी ओरडलो. तुम्हाला माहितीय मी कसा ओरडतो. भिंतीकडं तोंड करून उभी केली तिला. तेव्हापासून फोनवर येत नाही. आज्जीशी बोलते, माझा आवाज आला की ठेवते.”

ऑटोवाला वळून म्हणाला, “ट्राफिक, सार,” जणू सगळा दोष त्याचाच होता.

अमोलचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. आम्ही आत शिरलो आणि आतल्या खोलीचं दार धाडकन बंद झालं. अमोल ओशाळून म्हणाला, “बाबा, सवय होईल तिला. चहा घ्या.”

सरांनी चहा घेतला नाही. बंद दारासमोर जाऊन उभे राहिले. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या, टोपी आता हातात घेतली.

“मिहिका,” ते म्हणाले, “दिवाळीला मी तुझ्यावर ओरडलो. आधी विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं.”

मग आतून आवाज आला, “हळू म्हणताय. तेव्हा मोठ्यांदा ओरडला होतात.”

सरांनी अमोलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शाळा भरताना लावतात तो आवाज लावला. “माझं चुकलं!”

खिडकीची काच थरथरली. शेजारच्या बाई दार उघडून “काय झालं?” म्हणून हिंदीत विचारायला आल्या. खालून वॉचमनचा फोन आला. अमोल दोघांना समजावत होता, तेवढ्यात आतलं दार बोटभर उघडलं.

“आता परत करा,” मिहिका म्हणाली.

“काय परत करू?”

“मी स्टिकर लावते. तुम्ही ओरडायचं नाही.”

पेन्शनचा फॉर्म काही सरांकडे नव्हता. त्यांनी बॅगेतून होता तो कागद काढला. तो आमचा अहवाल होता. मिहिकानं जमिनीवर बसून, त्यांच्या तोंडाकडे बघत बघत, अगदी सावकाश एक निळं फुलपाखरू लावलं. ते बरोबर ‘हा कार्यक्रम आपल्याकडे राबवणे अव्यवहार्य आहे’ या ओळीवर बसलं.

“का लावलंस?” सरांनी विचारलं. आवाज इतका मऊ होता, की मी चमकले.

“कागद कंटाळवाणा आहे.”

“आहे खरा,” सर म्हणाले. “तिथं अजून एक लाव. अक्षरं दिसतायत.”

परतीच्या गाडीत आम्ही दोघांनी नवीन अहवाल लिहिला. सरांनी शिफारस एकच केली: परिपत्रक काढू नये, माणूस पाठवावा. पहिला माणूस म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलं. साहेबांनी कशीबशी चार शाळांना मंजुरी दिली.

मला वाटलं होतं, अवघड काम सरांचं. माझं मला पुढच्याच आठवड्यात कळलं. एका शाळेला भेट दिली आणि शेरेबुकात काहीतरी चांगलं लिहायचं ठरवून बसले. पेन हातात घेऊन दहा मिनिटं गेली. ‘सुधारणा आवश्यक’, ‘दक्षता घ्यावी’, ‘निदर्शनास आले’ एवढेच शब्द इतक्या वर्षांत हाताला वळण लागलेले. शेवटी जे पाहिलं तेच लिहिलं: ‘आज पहिलीतला एक मुलगा रडत आला. मुख्याध्यापकांनी त्याला कडेवर घेऊन आधी त्याचं ऐकून घेतलं, मग घंटा दिली. बघून बरं वाटलं.’ सही केली आणि निघाले.

तीन दिवसांनी त्या मुख्याध्यापकांचं पत्र कार्यालयात आलं. विषय: लेखी खुलासा सादर करणेबाबत. ‘महोदया, आपण शेरेबुकात नोंदविलेल्या बाबीसंदर्भात नम्रपणे कळवितो की, सदर मुलास कडेवर घेतल्यामुळे घंटेस चार मिनिटे विलंब झाला. असा प्रकार पुन्हा घडणार नाही, याची हमी देतो.’

मी पत्र दोनदा वाचलं. मग त्यावर लाल शाईनं शेरा मारला आणि उलट टपाली पाठवून दिलं:

‘खुलासा अमान्य. असे प्रकार वारंवार घडावेत.’