चाकाखालचं लिंबू

कॅनडात, सस्काटूनला आमच्या शेजारी राहणारे काका निवृत्त प्राध्यापक होते, पण बोलायचे गाडीबद्दलच. गाडी म्हणजे फार जुनी, स्वस्तातली अमेरिकन कॉम्पॅक्ट. खांदा दिल्याशिवाय तिचं दार लागायचं नाही. तरी काका म्हणायचे, "तिला जरा बरं नाहीये, इतकंच." आम्ही दर दोन-तीन वर्षांनी गाडी बदलायचो.

गाडी घेतली तेव्हा त्यांनी चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी एक गोरा सहकारी म्हणाला, "यू हॅव बॉट अ लेमन!" भिकार गाडीला इथे लेमन म्हणतात, हे काकांना कुठे ठाऊक! ते खूश होऊन म्हणाले, "यस, यस, माय वाइफ इन्सिस्टेड!" हा किस्सा तेच सांगायचे आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसायचे.

शेवटी ती भंगारात काढायची वेळ आली. ऐन विंटरमध्ये टो ट्रक आला, गाडी वर चढवली. काकांनी गराजमधलं लिंबू आणून ट्रकच्या चाकाखाली ठेवलं. ते गोठून दगड झालेलं. ट्रक हलला तसं फुटायचं सोडून घरंगळत बाजूला गेलं. काकांनी हात करून ट्रक थांबवला, लिंबू उचललं, कोटाच्या आत काखेत उबेला धरलं आणि उभे राहिले.

ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, "सर, इट्स जस्ट अ लेमन."

"नो," काका म्हणाले, "शी नेव्हर वॉज."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.