साहेबांना आलेली चक्कर

डॉक्टरांनी मला साखर कमी करायला सांगितली, म्हणून मी सगळ्या घराची बंद केली.

"साखर तुला झाली, आन् फिकं मी प्यायचं?" आईने विचारलं.

"घरात एकजूट हवी," मी म्हणालो. (माझ्यासमोर बाकीच्यांनी खीर ओरपावी, हे मला बघवलं नसतं. अफझलगंजच्या हलवायाकडे मी गुपचूप एकजूट मोडत होतो, ती गोष्ट वेगळी!)

दिवस राज्य पुनर्रचनेचे. हैदराबादचे तीन तुकडे झाले आणि आम्हा मराठी कारकुनांचीही वाटणी सुरू झाली. कोण इथे राहणार, कोण मुंबई राज्यात जाणार, ते नवे साहेब ठरवणार होते. माझी बायको कमल जामबागच्या शाळेत शिकवायची, आईचं गणगोत इथलंच. हैदराबाद सुटलं असतं तर दोघींनी मला सोडलं नसतं! म्हणून मी अर्जात ठोकून दिलं, 'तेलुगू उत्तम येते.' (येत होता तो एकच शब्द, 'एंत?' म्हणजे केवढ्याला. दुकानदाराने तेलुगूत उत्तर दिलं की मी पुढच्या दुकानात जायचो.)

साहेब गुंटूरकडचे. एका रविवारी स्वतःच दारात हजर!

"तुमचा अर्ज वाचला. आज आपण तेलुगूतच बोलायचं," एवढं इंग्रजीत सांगून ते तेलुगूत जे शिरले ते बाहेर येईचनात. मी नंदीबैलासारखी मान डोलावत राहिलो. पाहुण्यांच्या चहापुरती साखर आणायला कमल मागच्या दाराने शेजारच्या लक्ष्मम्मांकडे पळाली. मला मात्र दम धरवेना. चुलीवरचा चहा गाळला आणि तसाच फिका साहेबांपुढे ठेवला.

पहिल्या घोटालाच साहेबांचा चेहरा आक्रसला.

"चक्केर?"

मी मान डोलावली.

"चक्केर! चक्केर!" आणि त्यांनी कपावर बोट गरगरा फिरवून दाखवलं.

"आई गं! साहेबांना चक्कर आली!"

"मग बघत काय बसलास? आडवं कर त्यांना!"

मी खांदे धरून त्यांना पलंगावर आडवं केलं. ते धडपडत उठायला लागले.

"बघ, तोल जायलाय!" म्हणत आईने फोडलेला कांदा त्यांच्या नाकाला लावला. मी डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

"चक्केर!" साहेब किंचाळले.

"वाढायलीय रे! पाय वर धर, पाय!"

मी साहेबांचे दोन्ही पाय वर धरून उभा असताना कमल वाटी घेऊन आत आली. साहेबांनी वाटीकडे बोट दाखवलं. आवाज रडवेला झाला होता. "अम्मा... चक्केर!"

"अहो, सोडा ते पाय!" कमल ओरडली. "साखर मागतायत ते! तेलुगूत चक्केर म्हणजे साखर!"

मी पाय सोडले. (एकदम सोडले, तीही चूकच.)

कमलने केस पुसायला पंचा दिला, चार चमचे साखर घालून नवा चहा दिला आणि अस्खलित तेलुगूत माफी मागितली. ही भाषा ती लक्ष्मम्मांकडून कधी शिकली, ते देव जाणे! जाताना साहेब तिला काहीतरी बोलले आणि दोघंही माझ्याकडे बघून हसले.

महिन्याभरात हुकूम आला. मी हैदराबादेतच राहणार होतो!

"बघितलंस?" मी छाती फुगवून कमलला म्हणालो. "माणसाची पारख आहे साहेबांना!"

"आहेच," कमल म्हणाली. "त्या दिवशीच म्हणाले होते ते, 'मुंबईवाल्यांशी आमचं काही वैर नाही. असला माणूस त्यांच्याकडे कशाला पाठवू?'"