भिंतीची नाडी पाहणारे घरमालक

आपलं घर आमच्या शेगावच्या घरमालकांना जितकं कळलं होतं, तितकं उभ्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही. लोक घर बांधतात, राहतात, गळलं तर दुरुस्त करतात. आमच्या काकाजींचं तसं नव्हतं. मी त्यांना काकाजी म्हणत असे. रोज सकाळी स्नान झालं की ते ओल्या पंच्यानिशी घरभर फिरत आणि प्रत्येक भिंतीवर तळहात टेकवून, डोळे मिटून उभे राहत. पश्चिमेची भिंत काल किती तापली होती, रात्रीत किती निवली, आज किती सोसेल, हे त्यांना म्हणे त्यातून कळे. शेजारचा कुणी जाता जाता विचारी, "काकाजी, घराले ताप आला का?" त्यावर डोळे न उघडता उत्तर येई, "घराले नाई बे, तुले आला." काकी मात्र चुलीपाशी बसून म्हणत, "माह्या नाडीले कधी हात लावला नाई, भिंतीची पाहून राह्यले!"

माझे यजमान तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. लग्न होऊन मी मालवणाकडच्या एका खेड्यातून थेट शेगावात येऊन पडले. आई लहानपणीच गेली, धाकट्या भावंडांसाठी शाळा तिसरीत सुटली, आणि आता हा परका मुलूख. बोलणं निम्मं कळत नसे, आणि आपल्या हातून काही चुकेल या धास्तीनं मी दिवसभर अर्धमेली असे. चुकलंच. चैत्रातल्या एका दुपारी उकडायला लागलं म्हणून मी खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. आमच्याकडे उकडलं की तेच करतात. काकाजी ओट्यावरून धावतच आले.

"बाई, काय करून राह्यल्या? ऊन घरात बोलावता काऊन?"

"वारा येईल म्हणून..." मी कसंबसं म्हटलं.

"वारा? तो वारा नव्हे, भट्टीचा भपका हाय! इथं रात्री घर उघडाचं, थंडी कोंडून घ्याची, अन् सूर्य वर आला का दारं लावून ती दिवसभर पुरवून खायाची. समजलं?"

मला वाटलं, आता खोली सोडा म्हणतात. ते खिडक्या लावून गेले आणि काकीबरोबर ताकाचा तांब्या पाठवून दिला. त्या दिवसापासून सकाळी ऊन ओट्याच्या दुसऱ्या पायरीला लागलं की त्यांची आरोळी येई, "दारं लावा होऽऽ!" आणि सगळं घर पेटीसारखं बंद होई. आत अंधार, पण काय गारवा! वर सपाट मातीचं छत, ज्याला तिकडे धाबं म्हणतात. त्यावरची माती ते दर वर्षी स्वतः उभं राहून चोपून घेत. नागपूरकडून रस्त्याच्या कामावर आलेले एक ओव्हरसियर एकदा म्हणाले, "आता पत्रा टाका, हे जुनं झालं." काकाजी अगदी गोड आवाजात म्हणाले, "टाका ना साहेब. तुमी वर पत्रा टाका, मी पीठ मळून आणतो. चुलीचं काम वाचते."

थंडीचंही त्यांचं शास्त्र होतं, तेच उलटं फिरवलेलं. पौषात दक्षिणेच्या खिडक्या दुपारभर उघड्या, चार वाजले की बंद, आणि शेगडी पूर्ण निखारा झाल्याशिवाय आत आणायची नाही, आणली तरी दाराला चार बोटं फट ठेवायची. ती फट ते स्वतः बोटांनी मोजून बघत. माझ्या यजमानांनी एकदा थंडी वाजते म्हणून दार लोटून घेतलं, तर बाहेरून ठोकून म्हणाले, "फिटरसाहेब, इंजिनाले धुराडं लागते, तुमाले नाई लागत का?"

वैशाखात माझी मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, माहेरी जायला माहेर उरलेलं नाही. काकींनी सगळं केलं, आणि काकाजींनी खोली हातात घेतली. दाराला वाळ्याचा जाड पडदा बांधला. त्यावर तासातासाला पाणी मारायचं. बाहेरचा कोरडा वारा त्यातून आला की सुगंधी गार होऊन येई. इकडे सुईण म्हणाली, बाळंतिणीला बाजेखाली शेक पाहिजेच. एकाच खोलीत निखारे आणि वाळा! दोघांची तासभर जुंपली. "एका घरात उन्हाळा-हिवाळा नांदवता का?" असं काकाजी बाहेरून ओरडत होते. शेवटी तह झाला: शेक पहाटे, उजाडताच निखारे बाहेर, मग पडदा. बाहेर माणसं उन्हानं पटापट आजारी पडत होती आणि माझी पोर गाढ झोपत होती.

ज्येष्ठात आभाळ दाटून आलं. पाऊस नाही, वारा नाही. पोर दुपारपासून रडायला लागली. अंगभर घामोळं, दूध तोंडात धरेना. काकाजींनी पडद्यावर दुप्पट पाणी मारायला सुरुवात केली. जितकं पाणी, तितका पोरीचा श्वास जड. तिसऱ्या दिवशी ती रडायचीसुद्धा थांबली, नुसती धापत होती. सकाळी वाळत घातलेली तिची लंगोटी मी हातात घेतली, तर दुपारी तीनला ओलीच. मला एकदम कळलं. ही हवा मी ओळखत होते. पण ज्यांच्या आश्रयाला आपण, त्यांना सांगायचं कसं? तरी मी उठून पडद्याची दोरी सोडली.

"बाई! पडदा काऊन काढला?"

मी लंगोटी त्यांच्या हातात दिली. "काकाजी, ही हवा तुमच्याकडची नाही. आमच्याकडची आहे. हिच्यात काही वाळत नाही. पाणी मारू तितकं कोंडतं."

ते लंगोटी बोटांत चोळत उभे राहिले. मग हलकेच म्हणाले, "मंग तुमच्याकडं अशा हवेत काय करतात?"

"सगळं उघडं टाकतो. आणि पंख्यानं वारा घालतो."

त्यांनी भरदुपारी आपल्या घराच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. ओला वाळा उचलून परसात टाकला. काकींनी पंखा आणला, तर तो त्यांच्या हातून घेतला आणि उंबऱ्याबाहेर बसून, हात बदलत, दिवेलागणीपर्यंत वारा घालत राहिले. संध्याकाळी पोरीनं दूध ओढलं, आणि काकी रडल्या. काकाजी फक्त म्हणाले, "पोट्टीची आई हुशार हाय."

दोन वर्षांनी आमची नोकरी बदलली, शेगाव सुटलं. पुढे त्यांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं: दमट हवेत घर कसं ठेवावं ते सविस्तर लिहून पाठवा. मला असं काही विचारणारे आयुष्यात ते पहिलेच. दोन दिवस बसून मी खाडाखोड करत लिहिलं: कुठली खिडकी कधी उघडायची, पाणी कधी थांबवायचं, सगळं. काकाजी गेल्यावर काकींनी कळवलं की दर ज्येष्ठात ते माझं पत्र कुणाकडून तरी वाचून घेत आणि त्याप्रमाणे खिडक्या उघडत.

त्या पत्रात मी उघडायचंच सगळं लिहिलं. त्यांनी ज्या खोलीच्या खिडक्या लावून ठेवल्या, त्या खोलीनं माझी मुलगी वैशाखभर जगवली, हे लिहायचं माझ्याकडून राहून गेलं.